चितमपल्लींना उशिरा मिळालेला मान

वनाधिकारी आणि निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचे पहिले पुस्तक आले तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना ७३व्या वर्षी मिळाले आणि पद्मश्री जाहीर झाली ती ९२व्या वर्षी. तरुण वयात नाव झाले नाही तर पुढे काय व्हायचे, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा. त्यांची कीर्ती उशिरा आली, पण तिच्यामागचे काम उशिरा सुरू झालेले नव्हते.

चितमपल्लींचा जन्म १९३२ सालचा, सोलापूरचा. तेव्हाचे सोलापूर गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव होते. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ अशा वारांच्या नावांच्या पेठांत मराठीच्या जोडीने तेलुगू, कन्नड आणि दखनी सहज कानावर पडे. अनेक भाषा कानात साठवणारा माणूस अशा गावात घडावा, हे स्वाभाविकच आहे. शहराबाहेर मात्र घनदाट जंगल नव्हते. होते ते उघडे माळरान. रानाची पहिली ओळख आईने आणि मामांनी करून दिली. शाळा सोलापुरातच झाली, पुढे दयानंद महाविद्यालय. त्यानंतर १९५८ ते १९६० या काळात कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात वनविद्येचे शिक्षण घेऊन ते वनखात्यात रुजू झाले.

वनाधिकाऱ्याची नोकरी म्हणजे बदल्या, लाकूडतोडीचे हिशेब, वणवे, तपासण्या आणि कागदपत्रे. यातून साहित्य निघेल असे कोणाला वाटले नसते. चितमपल्लींनी नोकरीतला दिवस आणि अभ्यासातला दिवस वेगळे मानले नाहीत. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या कामाची ठिकाणे होती आणि त्यांच्या पुस्तकांचे विषयही तेच झाले. नवेगावबांधला माधवराव पाटील यांच्यासारखा, तळे आणि पाखरे नखशिखान्त जाणणारा माणूस त्यांना भेटला. पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा सहवास लाभला, लेखक व्यंकटेश माडगूळकरांशी मैत्र जुळले. पण त्यांचे खरे गुरुजन होते गोंड, कोरकू आणि इतर रानवासी. ही माणसे पक्ष्याला कोणत्या नावाने हाक मारतात, कोणते झाड कशासाठी राखतात, पावसाचा अंदाज कशावरून बांधतात, हे ते विचारत आणि टिपून ठेवत. या टिपणांच्या वह्या वर्षानुवर्षे वाढत गेल्या. त्याच काळात संस्कृत ग्रंथांचे वाचनही चालू होते.

उशिरा मिळालेल्या यशाचे मूळ इथे आहे, म्हणून या वर्षांकडे दुर्लक्ष करून पुरस्कारांची यादी वाचणे फुकट आहे. सारस पक्ष्याचे वर्तन एका हंगामात कळत नाही. मोहाचे झाड गावाच्या पोटापाण्याशी कसे बांधलेले असते, ते समजायला त्या गावाचा दुष्काळही पाहावा लागतो आणि सुकाळही. पंचविशीतल्या लेखकाजवळ प्रतिभा असेल. ही शिदोरी नसते.

‘पक्षी जाय दिगंतरा’ने सुरुवात झाली. पुढे ‘जंगलाचं देणं’ आणि ‘रानवाटा’ आली. १९९० साली ते निवृत्त झाले आणि लेखनाचा वेग वाढला. तेराव्या शतकातल्या हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचे मराठी रूप त्यांनी केले. २००२ सालच्या ‘पक्षिकोशा’त पक्ष्यांची संस्कृतसह निरनिराळ्या भाषांतली आणि बोलींतली नावे एकत्र आली. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ललित लेखनामुळे ते वाचकप्रिय झाले हे खरे. तरीही कोशांचे काम अधिक मोलाचे आहे. ज्या बोलींतून ही नावे गोळा केली त्या झपाट्याने मागे पडत आहेत, आणि नाव विसरले गेले की त्याच्याबरोबरची माहितीही जाते.

२००६ साली ७९वे साहित्य संमेलन सोलापुरातच भरले आणि अध्यक्षस्थानी चितमपल्ली होते. कवी, कादंबरीकार, समीक्षक यांच्या परंपरेतल्या त्या आसनावर जंगलाचा अभ्यासक बसला. जन्मगावाने आपल्या माणसाला असा मान देण्याचा योग दुर्मिळच.

बाहेरच्या जगातही अशा उशिरा आलेल्या यशाशी जुळणारी उदाहरणे आहेत. शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेट यांनी मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करण्याच्या कामात वीसेक वर्षे काढली. कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे त्यांचे पुस्तक १९४४ साली, सत्तरीकडे झुकताना जगापुढे आले. सलीम अलींनी एस. डिलन रिप्ली यांच्याबरोबर केलेला दहा खंडांचा पक्षिग्रंथ १९७४ साली पुरा झाला, तेव्हा अलींचे वय ७७ होते. निसर्गाच्या अभ्यासकांत असे वारंवार दिसते, कारण या विद्येत निरीक्षणाची वर्षे हेच भांडवल असते. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींचे प्रकरण मात्र निराळे. त्यांचे १९५१ साली निधन झाले आणि कवितासंग्रह १९५२ साली निघाला. काम झालेले होते, लोकांपर्यंत पोचायला उशीर झाला. चितमपल्लींच्या वाट्याला हे दुःख आले नाही. वाचकांचे प्रेम त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

निवृत्तीनंतर बराच काळ नागपुरात काढून अखेरच्या वर्षांत ते सोलापूरला परतले. २०२५च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात त्यांचे निधन झाले. त्यांची आठवण जागती ठेवायची, तर सोलापुरात शुक्रवार पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात ‘पक्षिकोश’ मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावा आणि माळावर फिरायला जाताना तो बरोबर न्यावा. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे मनावर घ्यावे.