गच्चीवरची मेंढी आणि दयेचे मोल

विज्ञानकथा म्हणजे अग्निबाण, परग्रहवासी आणि यंत्रमानव यांचा खेळ, अशी समजूत पुष्कळ घरांतून अजूनही आढळते. मुलांनी सुट्टीत वाचावे आणि मोठ्यांनी बाजूला ठेवावे, असा हा वाङ्मयप्रकार मानला जातो. परंतु यातील श्रेष्ठ कृती भविष्याविषयी फारसे बोलत नाहीत. आजच्या माणसापुढील एखादा प्रश्न उचलून त्या अपरिचित जगात नेऊन ठेवतात, आणि तेथे तो अधिक स्वच्छ दिसू लागतो. समीक्षक डार्को सुविन यांनी १९७९ सालच्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेचे मर्म असेच सांगितले आहे: नित्याचे जग परके करून दाखवायचे, पण ते तर्काच्या आधाराने. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाची ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ ही १९६८ सालची कादंबरी याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यापुढील प्रश्न आहे दयेचा.

कथा घडते सॅन फ्रान्सिस्को नगरीत. महायुद्धानंतर पृथ्वीवर किरणोत्सारी धूळ पसरली आहे. आधी घुबडे मेली, मग इतर पक्षी, मग बहुतेक सारे पशू. धडधाकट माणसे मंगळावर निघून गेली आहेत आणि तेथे त्यांच्या सेवेला हुबेहूब माणसासारखे दिसणारे अँड्रॉइड दिले जातात. त्यांतील काही पळून पृथ्वीवर येतात. अशांना शोधून नष्ट करणे हा रिक डेकार्ड याचा व्यवसाय. एका अँड्रॉइडमागे त्याला १,००० डॉलर मिळतात.

या जगात जिवंत प्राणी पाळणे हे सदाचाराचे लक्षण मानले जाते. युद्ध संपताच तसा कायदाच झाला होता. पुढे कायदा राहिला नाही, पण लोकलज्जा राहिली. डेकार्डची खरी मेंढी गवतातील तारेचा ओरखडा लागून धनुर्वाताने दगावली. दुसरी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने गच्चीवर तशीच दिसणारी विजेची मेंढी आणून बांधली. शेजाऱ्याजवळ खरी घोडी आहे. ती गाभण असल्याचे कळताच डेकार्ड तिचे शिंगरू विकत मागतो. आपली मेंढी खोटी आहे, हे त्याच शेजाऱ्यापाशी कबूल करताना तो शरमेने अर्धा होतो. प्राण्यांच्या बाजारभावाचे एक छापील पुस्तक निघते. त्याची हाताळून जीर्ण झालेली प्रत डेकार्डच्या खिशात सदैव असते. कोणता जीव किती किमतीचा, हे त्यात पाहावयाचे.

डिकची नजर येथे किती सूक्ष्म आहे पाहावे. त्याने निर्दय जग रंगवले नाही. सर्वांच्या तोंडी दया आहे असे जग रंगवले, आणि त्या दयेला भाव लागलेला दाखवला. ज्या समाजाने पांजरपोळ उभारले, त्याला या चित्रातील वैगुण्य सांगावे लागणार नाही. पांजरपोळात येतो तो बाजारात काहीही किंमत न उरलेला जीव: लंगडा बैल, आटलेली गाय, पंख तुटलेले पाखरू. त्यांच्या चाऱ्यासाठी जुन्या काळी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने लाग बसवली. तेथे जीवाला मोल होते, भाव नव्हता. डेकार्डच्या नगरीत भाव आहे, मोल हरवले आहे.

अँड्रॉइड आणि मनुष्य यांतील भेद ओळखण्यासाठी कादंबरीत एक परीक्षा आहे. समोरच्याला प्रसंग सांगावयाचे आणि त्याच्या डोळ्यांतील व चेहऱ्यावरील सूक्ष्म हालचाली यंत्राने मोजावयाच्या. वाढदिवसाला कोणी वासराच्या कातड्याचे पाकीट दिले, लहान मुलाने फुलपाखरे मारून जमवली, उकळत्या पाण्यात जिवंत शेवंड टाकला, असे ते प्रसंग असतात. ज्याच्या चित्तात कंप उमटत नाही तो अँड्रॉइड. रेचल नावाच्या तरुणीची उत्तरे निर्दोष आहेत. पाकीट देणाऱ्याची पोलिसांकडे तक्रार करीन, असेही ती सांगते. तथापि परीक्षेच्या शेवटी डेकार्ड आपली बॅग मानवी बालकाच्या कातड्याची असल्याचे सहज बोलून जातो, आणि यंत्राचा काटा हलतो खरा, पण क्षणभर उशिरा. रेचल अँड्रॉइड ठरते. दयेचे शब्द पाठ करता येतात, तिची तत्परता करता येत नाही.

परंतु डिक येथे थांबत नाही, आणि यातच त्याचे मोठेपण आहे. फिल रेश हा डेकार्डचा समव्यवसायी. तो एक खार पाळतो आणि तिच्यावर जीव टाकतो. तोच रेश एका गुणी गायिकेला, ती अँड्रॉइड असल्यामुळे, निर्विकारपणे गोळी घालतो. हाही अँड्रॉइडच असला पाहिजे, या संशयाने डेकार्ड त्याची परीक्षा घेतो. रेश मनुष्य ठरतो. एका जीवावर माया आणि दुसऱ्याविषयी पाषाणहृदय, ही विसंगती यंत्राची नव्हे, माणसाची आहे. नाझी अधिकाऱ्यांच्या दैनंदिनी वाचताना आपल्याला या विषयाचे बीज सापडले, असे डिकने पुढे सांगितले आहे. उपाशी मुलांच्या रडण्याने झोपमोड होते अशी तक्रार करणारा माणूस बाहेरून माणूसच दिसत होता.

याउलट आहे जॉन इसिडोर. बुद्धी क्षीण झाल्यामुळे त्याला मंगळावर जाण्यास अपात्र ठरवले आहे. लोक त्याची टर उडवतात. विजेचे प्राणी दुरुस्त करणाऱ्या दुकानाची तो गाडी चालवतो. एकदा तो आजारी मांजर घेऊन येतो, ते यंत्र समजून त्याच्या कळा दाबून पाहतो, आणि मांजर मरते. ते खरे होते. पुढे तो तीन अँड्रॉइडांना आसरा देतो. त्याला सापडलेल्या एका कोळ्याला चार पायांवर चालता येईल काय हे पाहण्यासाठी त्यांतील एक जण कात्रीने कोळ्याचे पाय एकेक करून कापते. इसिडोर व्याकुळ होतो. अखेर त्या कोळ्याची यातना संपावी म्हणून तो स्वतःच त्याला पाण्यात बुडवतो. तो उपाय योग्य की अयोग्य, यावर वाचकांचे मतभेद होतील. परंतु साऱ्या कादंबरीत कोणी पाहत नसताना आणि काही मिळणार नसताना ज्याचे अंतःकरण हलते, असा हा एकच माणूस आहे, आणि समाजाने त्यालाच निरुपयोगी ठरवले आहे.

१९८२ साली रिडली स्कॉट यांनी या कादंबरीवरून ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट केला. त्याच वर्षी मार्च महिन्यात, चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, डिकचे निधन झाले. चित्रपटाला आरंभी बेताचाच प्रतिसाद मिळाला. आज तो अभिजात गणला जातो. त्याने कथानक लॉस एंजेलिसला नेले, आणि गच्चीवरची मेंढी, शेजाऱ्याची घोडी, भावाचे पुस्तक हे सारे गाळले. त्यामुळे दयेच्या बाजाराची चिकित्साही गेली. त्याऐवजी चित्रपटाने उलट दिशेने प्रश्न विचारला. केवळ ४ वर्षांचे आयुष्य लाभलेला रॉय बॅटी आपल्या निर्मात्याला क्रूरपणे ठार करतो. मात्र स्वतःचा अंत जवळ आलेला असताना, छतावरून कोसळणाऱ्या डेकार्डचा, म्हणजे आपल्या मारेकऱ्याचा, हात धरून तो त्याला वर ओढतो. कादंबरी दाखवते की माणूस यंत्रासारखा होऊ शकतो. चित्रपट दाखवतो की यंत्रातही करुणा उपजू शकते. दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहिल्या तरच विषय पुरा होतो. पुस्तक वाचलेल्याने चित्रपट सोडू नये आणि चित्रपट पाहिलेल्याने पुस्तक टाळू नये, ते यासाठी.

कादंबरीचा शेवट शांत आहे. बक्षिसाच्या पैशांतून डेकार्डने आणलेली खरी बकरी रेचलने सूडाने गच्चीवरून ढकलून दिली आहे. खिन्न झालेला डेकार्ड ओसाड प्रदेशात जातो. तेथे त्याला एक बेडूक सापडतो. नामशेष समजला जाणारा जीव मिळाला, या आनंदात तो घरी येतो, आणि त्याची पत्नी बेडकाच्या पोटाखालचे झाकण उघडून दाखवते. तोही विजेचाच निघतो. डेकार्ड झोपी गेल्यावर ती दुकानात दूरध्वनी करून त्या बेडकासाठी कृत्रिम माश्या मागवते. जो जीवच नाही, त्याच्या भुकेची ती काळजी करते.

त्या घरात प्राण्याचा भाव प्रथमच कोणी विचारला नाही. शेजाऱ्यांनाही ती गोष्ट कळणार नव्हती. कादंबरीच्या आरंभी मेंढी गच्चीवर होती, चारचौघांना दिसावी म्हणून. शेवटी बेडूक घरात आहे.