खोडदच्या तबकड्या आणि एमआरआयची खोली

पुणे-नाशिक मार्गाने आंबेगावातील मंचर ओलांडून नारायणगावला पोचावे आणि पूर्वेस वळावे, की जुन्नर तालुक्यातील खोडदच्या माळावर तारांच्या जाळीच्या अजस्र तबकड्या उभ्या दिसतात. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्यापैकी अनेकांनी नातवंडांसह त्या पाहिल्या असतील. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. अवकाशातील हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी त्या टिपतात.

एमआरआय यंत्रही हायड्रोजनकडूनच येणाऱ्या रेडिओलहरी टिपते. हा हायड्रोजन मात्र आपल्या शरीरातील पाण्यात व मेदात असतो आणि त्याला बोलते करण्यासाठी प्रबळ चुंबक लागतो. ज्येष्ठांच्या मनात या तपासणीची धास्ती असते. ती घालविण्यास, आणि जिथे सावधगिरी खरोखर हवी तिथे ती बाळगण्यास, विद्यार्थ्यांना हा विषय शिकविण्याची रीत फार उपयोगी पडते.

आरंभ होकायंत्राने करता येतो. सुईला टिचकी दिली की ती हेलकावे घेते. लोहचुंबक जवळ आणला की हेलकावे जलद होतात. मग भोवरा. वेग मंदावू लागला की त्याचा आस डुलत फिरतो. चुंबकीय क्षेत्रातील हायड्रोजनचे अणुकेंद्र असेच डुलते.

पुढचा प्रयोग जगभरच्या अनेक विद्यापीठांत होतो. पाण्याच्या बाटलीभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे घालून काही सेकंद वीजप्रवाह सोडतात व एकदम बंद करतात. आता अणुकेंद्रे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात डुलू लागतात. तेच वेटोळे त्यांचा संदेश पकडते आणि ध्वनिवर्धकातून बारीक शिट्टीसारखा स्वर ऐकू येतो. पुणे परिसरात तो सेकंदाला सुमारे 1,800 कंपनांचा भरेल. जवळ लोखंडी कपाट असेल, तर स्वर क्षणात विरतो. बाटलीच्या एका बाजूस चुंबक धरला, तर दोन टोकांचे स्वर वेगळे होतात; म्हणजेच स्वरावरून जागा ओळखता येते. याच तत्त्वावर पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा प्रसिद्ध केली. 2003 मध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

बाटलीचा हा प्रयोग ध्यानी ठेवला, तर रुग्णालयातील सूचनांचा अर्थ आपोआप उलगडतो. हालचाल केली, की कोणता स्वर कोठला याचा मेळ चुकतो. म्हणून स्थिर पडावयाचे. जागेनुसार स्वर बदलविणारी वेटोळी सतत चालू-बंद होत असल्याने धडधड होते. त्यासाठी कानात बोळे घालावयाचे. खोडदची जागा निवडताना कृत्रिम रेडिओ गोंगाट कमी असणे महत्त्वाचे मानले गेले; एमआरआयच्या खोलीलाही तसाच गोंगाट अडविण्यासाठी धातूचे आवरण असते आणि म्हणून दार घट्ट लावतात. आतल्या रुग्णाचे बोलणे तंत्रज्ञांना ऐकू येते आणि हातात मदतीची कळ दिलेली असते, हे आजी-आजोबांना आधीच सांगावे. या तपासणीत क्ष-किरण नसतात, हेही सांगावे.

सावधगिरी हवी ती चुंबकाविषयी. रुग्णालयांत सामान्यतः आढळणारा 1.5 टेस्लाचा चुंबक आपल्याकडील पृथ्वीच्या क्षेत्राच्या 30 हजारपटींहून अधिक प्रबळ असतो, आणि तपासणी संपल्यावरही तो चालूच राहतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन या खोलीत शिरलेल्या एका नातेवाइकाचा मृत्यू झाला. ते रुग्ण नव्हते, सोबत आलेले आप्त होते. म्हणून नळकांडे, चाकांची खुर्ची, लोखंडी काठी, किल्ल्या वा मोबाइल यांतील काहीही, कोणी घाईने सांगितले तरी, तंत्रज्ञांना प्रत्यक्ष विचारल्याविना आत नेऊ नये.

घरातून निघण्यापूर्वी काळजीवाहकांनी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात : पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीवरची क्लिप, कानातील रोपण, स्टेंट, सांध्यातील वा हाडातील धातू, आणि पूर्वी वेल्डिंग वा लेथचे काम करताना डोळ्यात गेलेला कण. काही पेसमेकर विशिष्ट अटींवर चालतात. म्हणून त्याचे कार्ड जवळ ठेवावे व निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. रंगद्रव्याचे इंजेक्शन द्यावयाचे असल्यास मूत्रपिंडाचा विकार आवर्जून सांगावा. श्रवणयंत्र, निघणारी कवळी, आकडे व औषधी पट्ट्या यांविषयी खोलीबाहेरच विचारावे. श्रवणयंत्र काढल्यावर सूचना ऐकू येणार नसतील, तर खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.