बँकॉक म्हटलं की हसू का येतं?

दिवाळीच्या सुट्टीत अम्मी आणि खालाला घेऊन चार दिवस बँकॉकला जायचा विचार आहे, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. दोन क्षण कुणी काही बोललं नाही. मग एक सर हसले आणि म्हणाले, "बँकॉक? आणि अम्मीला घेऊन?" बाकीचेही हसले. घरी मोठ्या भाईंनी हसू दाबलं, एवढाच फरक.

हे हसू कुठून येतं हे जळगाव-धुळ्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. खतं, बियाणं, सिमेंट, पाइप, टाइल्स विकणाऱ्या कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदारांना परदेशी सहलीला नेतात आणि ती सहल बहुतेक वेळा बँकॉक-पटायाची असते. जाणारे सगळे पुरुष. परत आल्यावर घरी हत्तीचे फोटो दाखवायचे आणि बाकीच्या गोष्टी कट्ट्यावर सांगायच्या. पन्नास-साठ लाखांहून जास्त माणसं जिथे राहतात, कामाला जातात, मुलांना शाळेत सोडतात, त्या शहराचं आपल्याकडे असं एक पुरुषी गुपित होऊन बसलंय. मला त्या गुपिताचाच राग आहे. बँकॉकमध्ये तसला बाजार आहे, हे मी नाकारत नाही. पण तो चार गल्ल्यांत आहे आणि त्या गल्ल्यांत कोण जातं, हा प्रश्न बँकॉकला विचारायचा नसून आपल्या गावातल्या माणसांना विचारायचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता. तो धुळ्याच्या मौलवी गंजमधून, मामूंकडून फोनवर आला. "पहले मक्का, फिर बाकी दुनिया." एवढे पैसे जमलेच आहेत तर आईला उमरा का घडवत नाहीस? याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. आपल्या घरांत पासपोर्ट निघतो तो दोनच कारणांनी, एक तर हज-उमरा, नाहीतर आखातातली नोकरी. नुसतं पाहायला म्हणून कुणी देश ओलांडत नाही. बायका तर नाहीच. अम्मीने अठ्ठावन्न वर्षांत पाहिलेली गावं मोजली तर जळगाव, धुळे, मालेगाव, बुऱ्हाणपूर, एकदा मुंबई आणि एकदा अजमेर. अजमेरलाही नवस होता म्हणून. उमऱ्याला ती जाईलच, त्याचे पैसे वेगळे साठताहेत. पण बाईने घराबाहेर पडायचं तर कारण इबादतीचंच किंवा आजारपणाचंच हवं, ही अट कुणी घातली? कुरआनमध्ये जमिनीवर फिरा आणि पाहा, हे एकदा नाही, अनेकदा आलंय. आणि बायकांसोबत पुरुष कोण, या प्रश्नावर मी एवढंच म्हणेन की २०१८ पासून भारतातून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका मेहरमशिवाय, आपला गट करून हजला जाताहेत. (मामूंना हे सांगितल्यावर फोन अम्मीकडे दे म्हणाले. मी दिला. तिने काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही, पण पुन्हा फोन आला नाही.) डोक्यावर कर्ज असेल, बहिणीच्या लग्नाचे हप्ते चालू असतील, तर मात्र जाऊ नये. ते मामू न सांगताही मला पटतं.

तिसरा सल्ला मैत्रिणींचा. जायचंच तर क्वालालंपूरला जा, मुस्लिम देश आहे, खाण्यापिण्याची चिंता नाही. सल्ला चांगला आहे, तिथे जरूर जावं. पण मला बँकॉक पाहायचंय ते नेमकं तो मुस्लिम देश नाही म्हणून. थायलंडमध्ये मुसलमान साधारण पाच टक्के. बहुसंख्य समाज बौद्ध, राजा बौद्ध. अल्पसंख्य म्हणून शेकडो वर्षं दुसऱ्या एका देशात लोक कसे जगले, हे पाहायची संधी आपल्याला दुबईत मिळत नाही, क्वालालंपूरमध्येही नाही.

थाई भाषेत एक शब्द आहे, 'खॅक'. मूळ अर्थ पाहुणा. हा शब्द भारतीय, मलय, अरब, इराणी अशा सगळ्यांना लावतात आणि मुसलमानांना तर हमखास. चारशे वर्षं तिथे राहिलेल्या घराण्यालाही पाहुणाच म्हणायचं, हे वाचून मला क्षणभर ओळखीचं काहीतरी टोचलं. पुढे कळलं की सिलोम रस्त्यावरच्या मारियम्मन देवीच्या मंदिरालाही लोक 'वाट खॅक', म्हणजे पाहुण्यांचं मंदिर म्हणतात. म्हणजे तिथे आमच्या शाळेतले पाटील सर आणि मी, दोघंही खॅक. गावात कोण मूळचा आणि कोण बाहेरचा यावरून भांडणाऱ्या प्रत्येकाने एकदा अशा ठिकाणी जाऊन यावं जिथे भांडणारे दोघंही बाहेरचेच ठरतात.

ही चारशे वर्षं मी उगाच म्हटली नाहीत. सोळाशेच्या सुमारास इराणच्या कुम शहरातून शेख अहमद नावाचा व्यापारी तेव्हाची राजधानी अयुध्या इथे आला, राजाच्या दरबारात मोठ्या पदाला चढला आणि तिथला पहिला शेख-उल-इस्लाम झाला. थाईत या पदाला चुलाराचमोन्त्री म्हणतात. ते आजही आहे. त्याच्या वंशातलं बुन्नाग घराणं एकोणिसाव्या शतकात देशातलं सगळ्यात ताकदवान घराणं होतं आणि त्यातली एक मोठी शाखा तोवर बौद्ध झालेली होती. अयुध्या बँकॉकपासून ऐंशीएक किलोमीटर. साध्या रेल्वेने दीड-दोन तास, म्हणजे जळगावहून चाळीसगावला जाऊन येण्यासारखं. शेख अहमदची कबर तिथल्या राजभट विद्यापीठाच्या आवारात आहे.

खुद्द शहरात मला सगळ्यात आधी पाहायचंय ते बान ख्रुआ. साएन साएप कालव्याच्या काठावरची ही जुनी वस्ती चाम मुसलमानांची. पहिल्या रामाच्या काळात त्यांच्या पूर्वजांनी राजासाठी लढाई केली, म्हणून ही जमीन मिळाली. पुढे हे लोक रेशीम विणायला लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन नावाच्या अमेरिकन माणसाने त्यांचं रेशीम जगभर विकलं. कालव्याच्या अलीकडे त्याचं लाकडी घर आहे, तिकीट काढून हजारो पर्यटक ते पाहतात. पलीकडे विणकरांची वस्ती आहे, तिकडे फार थोडे वळतात. ज्यांच्या नात्यात मालेगावचे यंत्रमाग आहेत त्यांना या दोन काठांमधलं अंतर समजावून सांगायला नको. याच वस्तीवरून उन्नत मार्गाची जोडवाट जाणार होती. लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, रात्री पहारे दिले आणि ती जोडवाट होऊ दिली नाही. ही गोष्ट मला ग्रँड पॅलेसपेक्षा मोठी वाटते, आणि ग्रँड पॅलेसही मी पाहणारच आहे.

नदीपलीकडे थोनबुरीत बांग लुआंग मशीद आहे. बाहेरून पाहिली तर बौद्ध विहारच वाटावा, तसंच उतरतं छप्पर, तशीच नक्षी. तिच्या आसपासच्या कुडी चीन वस्तीत पोर्तुगिजांच्या वंशजांचं सांताक्रूझ चर्च, चिनी देऊळ आणि बौद्ध मंदिर, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. नदीकाठाने दक्षिणेला ख्लोंग सानमध्ये बोहरा व्यापाऱ्यांनी बांधलेली सैफी मशीद आहे. आपली तापी भुसावळवरून, शिरपूर-शिंदखेड्याच्या मधून वाहत ज्या सुरतेला जाते, त्या सुरतेशी या मशिदीचा जुना धागा आहे. बुऱ्हाणपूरचं कापड याच वाटेने समुद्रावर जायचं. आणि तापीवरून आठवलं, थायलंडच्या दक्षिणेतही एक तापी आहे. १९१५ मध्ये राजा वजिरावुध यांनी एका गावाला सुरत थानी नाव दिलं आणि तिथल्या नदीला आपल्या तापीचं. अम्मीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. गूगलवर नकाशा दाखवावा लागला.

इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादहून आपल्या नंदुरबारवरून खंबायतला गेला आणि पुढे काही वर्षांनी सुमात्रापर्यंत पोचला. त्याच्याकडे चार दिवसांची सुट्टी नव्हती, कामाच्या निमित्ताने तो वर्षानुवर्षं फिरला. आपल्याकडे चारच दिवस आहेत, म्हणून तर निवडायला हवं.

एजंटने दिलेल्या कागदावर पाच रात्री बँकॉक-पटाया, सफारी, बेटावरची बोट, 'शो' आणि रत्नांच्या दुकानाला भेट असं लिहिलं होतं. जळगावच्या सराफ बाजाराशेजारी वाढलेल्या माणसाला तिकडे नेऊन तासभर दागिन्यांच्या दुकानात बसवायचं, हे मला झेपलं नाही. पटाया काढून टाका म्हटलं तर एजंट म्हणाला, मग पॅकेज बसत नाही. मग मीही पॅकेजमध्ये बसत नाही. विमान मुंबईहून चार-साडेचार तासांचं, ते आपणच बुक करायचं. राहायला मेट्रो स्टेशनजवळचं साधं हॉटेल, फिरायला मेट्रो आणि नदीच्या बोटी. एका बातला अडीच-तीन रुपये धरून रोजचा खर्च वहीत मांडला तर गोष्ट आवाक्यातली निघते. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना साठ दिवसांपर्यंत बिनव्हिसा प्रवेश दिला. मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. हे नियम बदलतात, तिकिटाआधी थाई दूतावासाच्या साइटवर बघूनच घ्या.

खाण्याचं म्हणाल तर हलालचा शिक्का अरबी अक्षरांत असतो आणि मशिदींच्या आसपास जेवणाची दुकानं असतातच. 'मू' म्हणजे डुकराचं मांस, एवढा एक शब्द पाठ करून जा. मंदिरांत आणि राजवाड्यात खांदे-गुडघे झाकलेले लागतात, दारावर तरुण पर्यटकांना अडवतात. अम्मी आणि खालाला कुणी अडवणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवून जायचंय. बँकॉक म्हणजे अख्खा थायलंड नव्हे. दक्षिणेत पट्टनी, याला, नराथिवात या मलय मुसलमानांच्या प्रांतांत २००४ पासून रक्त सांडतंय. त्याच वर्षी ताक बाईत निदर्शनं करणाऱ्यांना पकडून लष्करी ट्रकमध्ये एकावर एक रचून नेलं आणि त्यातले अठ्ठ्याहत्तर जण वाटेतच मेले. परत येऊन 'तिकडे सगळे कसे गुण्यागोविंदाने राहतात' अशी रील टाकायची असेल तर आधी हे वाचा.

सध्या सगळं अडलंय ते खालाच्या पासपोर्टवर. आधारवर तिचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, रेशन कार्डावर नुसतं 'बी' लावलेलं तिसरं. तीनही कागद एका नावावर आणायला दोन महिने गेले. ती वैतागून म्हणाली, राहू दे, तुम्ही दोघी जा. अम्मीने ऐकलं नाही. फिरणं झालं नाही तरी चालेल, कागद नीट व्हायलाच हवेत, असं म्हणून ती स्वतः तिच्यासोबत रांगेत उभी राहिली. पुढच्या आठवड्यात पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात तिची तारीख आहे.

आमच्या चार दिवसांत एक शुक्रवार येतोय. चरोएन क्रुंग रस्त्यालगतच्या गल्लीत हारून मशीद आहे, जुम्मा तिथे पढायचा असं मी वहीत लिहिलंय. अम्मीने ते वाचलं आणि विचारलं, "तू आत जाशील तेव्हा आम्ही दोघी कुठे बसायचं?" थायलंडमधल्या बहुतेक मशिदींत बायकांनाही नमाजची जागा असते, तुम्हीही आतच, असं मी सांगितलं. आमच्या गल्लीतली मशीद घरापासून चाळीस पावलांवर आहे आणि अम्मी आजवर तिच्या आत गेलेली नाही. तिने वही पुन्हा हातात घेतली आणि मशिदीचं नाव नीट वाचता येईल असं मोठ्या अक्षरांत परत लिहायला सांगितलं.