कलकत्ता कप परत कशाला मागता?

इंग्लंड-स्कॉटलंड रग्बी मॅचचा विषय निघाला की आपल्यातला एखादा वीर म्हणतोच, "कोहिनूरबरोबर तो कलकत्ता कपही परत आणा!" का? तर म्हणे आपल्या रुपयांचा आहे.

अहो, रुपये होते, पण लुटीचे नव्हते. १८७३ साली कलकत्त्यात गोऱ्यांनी रग्बीचा क्लब काढला. फुकटचा बार बंद झाल्यावर मेंबर गळाले (आपल्या ऑफिसातल्या पार्ट्या आठवा!), शिवाय तिथल्या हवेत त्यांना पोलो आणि टेनिस जास्त मानवायचं. शेवटी गाशा गुंडाळताना बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, वितळवली आणि कप घडवून इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. धरायला तीन नाग, झाकणावर हत्ती. एकदम झकास काम. १८७९ पासून दोन्ही देश त्यासाठी भांडतायत. स्वतःच्या वर्गणीचं काय करायचं ते त्यांनी केलं, आपण कोण विचारणार?

आता त्यांचे पगार कुठून यायचे, हा प्रश्न खराच. १८७६-७८ मध्ये इकडे दख्खन दुष्काळात होरपळत होतं. पण तो हिशेब फार मोठा आहे राव, एका कपावर मिटवून त्यांना स्वस्तात सोडू नका.

आणि चिडायचंच असेल तर १९८८ वर चिडा. मॅचनंतरच्या रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री यांनी एडिंबराच्या रस्त्यात या कपाचाच बॉल केला. पार चेपला बिचारा. स्कॉटलंडने जेफ्रीला सहा महिने घरी बसवलं. इंग्लंडने रिचर्ड्सला किती? एक मॅच!