पाऊल ठेवायचा हक्क

ऑस्लोमध्ये आमच्या नावावर काहीच नाही. घर भाड्याचं, राहण्याचा परवाना मुदतीचा, भाषा अजून अर्धीमुर्धी. पण या देशातल्या एका कायद्याने आम्हा दोघांना पहिल्या दिवसापासून इथे जन्मलेल्या माणसाच्या बरोबरीने उभं केलं. आमच्या संसाराला इथे जो काही आकार आला, त्यात या कायद्याचा वाटा फार मोठा आहे.

कायदा १९५७ सालचा, त्यामागची रूढी मात्र कितीतरी जुनी. शेत, कुरण आणि घराभोवतीचं अंगण सोडलं, तर उरलेल्या जमिनीवरून, म्हणजे रानातून, डोंगरातून, माळावरून, वर्षभर कुणीही चालत जाऊ शकतं. सातबारा कुणाच्याही नावावर असो. परवानगी नको, पास नको. तंबू ठोकायचा तर राहत्या घरापासून निदान १५० मीटर लांब, आणि एकाच जागी दोन रात्रींहून जास्त मुक्काम करायचा असेल तर मालकाला विचारायचं. उंच डोंगरात तेही विचारावं लागत नाही. नांगरलेल्या शेतातून मात्र हिवाळ्यात जमीन गोठल्यावर किंवा बर्फाखाली गेल्यावरच चालायचं. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात शेकोटी पेटवायची नाही. एवढं पाळलं की वाट तुमची. हा हक्क देताना कायदा तुमचं नागरिकत्व विचारत नाही. बाकी सगळ्या दारांवर कागद दाखवत फिरणाऱ्या नवख्या माणसाला याचं मोल किती वाटतं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

आम्ही आलो ते ऑक्टोबरात, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डिसेंबरात इथे सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवतो आणि तीन वाजून गेले की मावळतो. नवरा अंधारात ऑफिसला जायचा, अंधारातच परत यायचा. मी दिवसभर भाषेच्या वर्गाचा अभ्यास करत खिडकीशी बसायची. दोन खोल्यांच्या घरात दोनच माणसं, आणि मराठी बोलायला फक्त एकमेकांची तोंडं. परदेशी आलेल्या नव्या जोडप्यांचा पहिला हिवाळा बहुतेक असाच जातो, आणि त्याबद्दल घरी फोनवर कुणी फारसं बोलत नाही.

आम्हाला बाहेर काढलं ते नूरमार्काने. ऑस्लोच्या उत्तरेला पसरलेलं हे अरण्य. शहराभोवतालच्या रानांचा हा सगळा पट्टा २००९ पासून स्वतंत्र कायद्याखाली राखलेला आहे, तिथे सहसा नव्या इमारती उभारता येत नाहीत. मेट्रोची पाच नंबरची गाडी थेट सोंग्न्सवान तळ्यापाशी नेऊन सोडते. ऑफिसच्या कपड्यांतली माणसं आणि खांद्यावर स्की घेतलेली माणसं एकाच डब्यात बसलेली असतात. तळ्यापासून वाटा फुटतात. झाडांवर निळ्या रंगाचा पट्टा असेल तर ती चालायची वाट, लाल असेल तर स्कीची. काही वाटांवर रात्री दिवे असतात, त्यामुळे भर डिसेंबरात संध्याकाळी सातलाही रानात माणसांची ये-जा असते. शहरात शेजारी राहूनही नजर चुकवणारी माणसं इथे समोरून आली की हसून ‘हाय हाय’ म्हणतात.

दर रविवारी आम्ही तिथे जाऊ लागलो. डबा घरचा: दशम्या, तिळाची चटणी, थर्मासमध्ये आल्याचा चहा. दशमी थंडीत कडक होते, पण चहात बुडवली की पुन्हा मऊ. आणि चालता चालता आम्ही बोलू लागलो. घरात समोरासमोर बसून जे विषय निघाले की आवाज चढायचे, तेच विषय रानात सहज निघत. नाशिकच्या घराचा हप्ता, सासऱ्यांचे गुडघे, मूल कधी, परत जायचं की नाही. वाटेवर दोघांची नजर पुढे असते. उत्तर लगेच द्यावं लागत नाही. एखादा चढ मध्ये येतो, दम लागतो, आणि पलीकडे पोहोचेपर्यंत समोरच्याचं म्हणणं थोडं पटलेलं असतं. एकमेकांची चालसुद्धा तिथेच कळली. तो चढावर झपाझप जातो आणि उतारावर रेंगाळतो. माझं नेमकं उलटं. आता चढावर तो मागे राहतो आणि उतारावर मी. आमच्या लग्नातली कितीतरी तडजोड या एका सवयीने शिकवली.

पुढच्या उन्हाळ्यात मोठे डोंगर गाठले. नॉर्वेच्या गिरिभ्रमण संघटनेची स्थापना १८६८ सालची, आणि आज तिच्या साडेपाचशेहून अधिक झोपड्या देशभर डोंगरांत आहेत. काही ठिकाणी माणसं स्वयंपाक करून वाढतात. पण मला ओढ आहे ती जिथे कुणीच नसतं त्या झोपड्यांची. सभासदांना एक किल्ली मिळते. कुलूप लावलेली झोपडी बहुतेक त्याच एका किल्लीने उघडते. आत चूल, फोडलेली लाकडं, गाद्या, भांडी. कित्येक ठिकाणी फळीवर डबाबंद जेवण, कडक पाव, चहा-कॉफीसुद्धा ठेवलेली असते. काय घेतलं, किती रात्री राहिलात, ते तुम्हीच लिहायचं आणि तुम्हीच पैसे भरायचे. मोजायला माणूस नाही. पाणी ओढ्यावरून आणायचं, निघताना लाकडं फोडून ठेवायची, फरशी पुसायची. मागून येणारा भिजलेला असेल, त्याला काडी ओढली की जाळ मिळाला पाहिजे, एवढाच विचार.

युटुनहायमेनच्या डोंगरांतल्या अशाच एका झोपडीत आम्ही पावसातून पोहोचलो, तेव्हा सत्तरीतलं एक जोडपं आधीच आलेलं होतं. आजींनी माझे ओले मोजे माझ्या हातातून काढून घेतले आणि चुलीवरच्या दोरीला लावले. मी मेतकूट-भात केला, वर तूप. आजोबांनी दोनदा घेतला. भाषेचं आमचं जेमतेमच चाललं होतं, पण नकाशा मध्ये पसरला होता आणि बोटं चालत होती. दोघं तरुणपणापासून या वाटा चालत आली होती. इथे राहून म्हातारं होता येईल, असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या रात्री.

बेसेग्गेनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते सांगण्यासाठीच खरं तर आजचा लेख लिहायला घेतला. येंदे तळ्यातून बोटीने मेमुरूबूला उतरायचं आणि डोंगराच्या धारेवरून चालत परत यायचं, असा हा प्रसिद्ध रस्ता. चौदा किलोमीटरच्या आसपास, वर १७४३ मीटरपर्यंत चढ. धारेच्या एका बाजूला हिमनद्यांच्या गाळाने हिरवंगार झालेलं येंदे, दुसऱ्या बाजूला त्याहून जवळजवळ चारशे मीटर उंचावर निळं बेस्वात्न. दोन रंगांची दोन तळी, आणि मधल्या अरुंद कातळावरून हातापायांनी चढत जाणारी माणसं. इब्सेनच्या ‘पीअर गिंट’मध्येही ही धार येते.

आम्ही धारेच्या पायथ्याशी, खालच्या खिंडीत पोहोचलो तेव्हा ढग उतरला. वारा असा की बोलणं कानापर्यंत पोहोचेना. नवरा म्हणाला, ‘वळूया गं.’ मी का म्हणून विचारलं नाही. आम्ही मागे फिरलो, मेमुरूबूला उतरलो, बोटीने परत आलो. धार अजून बाकी आहे.

मी का विचारलं नाही, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत १८ माणसं दगावली. त्यानंतर रेडक्रॉस आणि गिरिभ्रमण संघटनेने डोंगराचे नऊ नियम घरोघरी पोहोचवले. बेत आखा आणि कुठे जाताय ते सांगून जा. हवामान पाहा. गरम कपडे आणि नकाशा जवळ ठेवा. आजच्या यादीत आठवा नियम असा की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. लहान मुलांनाही तो तोंडपाठ असतो. इथे संकटात सापडलेल्याला सोडवायला येणारे पैसे घेत नाहीत, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण स्वयंसेवक असतात. म्हणूनच तर त्यांच्या जिवाची काळजी आपण आधी घ्यायची.

मी नाशिकची. हरिहरच्या त्या उभ्या कोरीव पायऱ्या कॉलेजात असताना चढले आहे. तेव्हा आमच्यात मागे फिरणं म्हणजे हरणं होतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी सह्याद्रीत काय होतं, ते वाचकांना मी सांगायला नको. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात, तीही स्वयंसेवकच. आपल्या प्रत्येक गडाच्या पायथ्याच्या गावात, जिथे पोह्याची ताटली हातात येते त्या छपरावर, हा आठवा नियम मोठ्या अक्षरांत रंगवलेला मला पाहायचा आहे.

गेल्या मे महिन्यात आई-बाबा आले होते. आईने साडीवर माझं जाकीट चढवलं, पायात बूट, आणि सोंग्न्सवानचा साडेतीन किलोमीटरांपेक्षा थोडा कमी असलेला सगळा फेरा न बसता पूर्ण केला. सुरुवातीला तिने विचारलं होतं, ‘तिकीट कुठे काढायचं गं?’ नाहीच म्हटल्यावर तिला ते बराच वेळ पटलं नाही.

हे सगळं असंच राहील याची मात्र खात्री नाही, आणि याची मला काळजी वाटते. दरीवर जिभेसारखा बाहेर आलेला त्रोलतुंगाचा कातळ २०१० च्या सुमारास वर्षाला हजारभर माणसंही पाहायला जात नव्हती. २०१६ पर्यंत ऐंशी हजारांच्या आसपास माणसं तिथे जाऊ लागली. एका छायाचित्रासाठी रांगा, वाटेवर कचरा, साध्या बुटांत निघालेली आणि मग खाली आणावी लागलेली माणसं. अशा गर्दीमुळे उद्या कुठे कुंपण पडलं, तर पहिला फटका आमच्यासारख्यांना बसेल, ज्यांच्याकडे डोंगरात स्वतःचं घर नाही, फक्त हा हक्क आहे. म्हणून वाटेत कुणी टाकलेला कागद दिसला की आम्ही उचलतो, आणि आपली माणसं दिसली की थांबून बोलतो.

ऑस्लोत नव्याने येणारी मराठी जोडपी हल्ली आमच्याकडे जेवायला आली की नवरा कपाटातून नकाशा काढतो. पुढच्या रविवारी पुण्याहून आलेलं एक जोडपं आमच्यासोबत नूरमार्कातल्या उल्लेवोलसेटेरपर्यंत चालणार आहे. तिथे वाफल मिळतात. त्या जोडप्यातल्या मुलीला मी कळवलं आहे: आतून लोकरीचे कपडे घाल, सुती नको; मोज्यांची जास्तीची जोडी घे; आणि तुमच्यातल्या कुणालाही परत फिरावंसं वाटलं तर लगेच सांगा.