शस्त्रक्रिया मोफत, संगोपनाचे काय?

जन्मतः हृदयदोष असलेले मूल पदरी आले की आपल्याकडे तो त्या कुटुंबाच्या नशिबाचा भाग मानला जातो. वस्तुतः हजार जन्मांमागे आठ ते दहा बालकांत असा दोष आढळतो. वर्षाला पाच हजार जन्म होणाऱ्या एखाद्या तालुक्यात अशी चाळीस-पन्नास बालके दरवर्षी जन्मास येणार, हे साधे गणित आहे. जे आधी मोजता येते ते नशीब नव्हे. तो सार्वजनिक नियोजनाचा विषय होय.

शासनाने याबाबत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला. अंगणवाड्या व शाळांमधून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाचा समावेश आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्चही भागविता येतो.

तथापि शस्त्रक्रिया मोफत झाली म्हणजे उपचार मोफत झाला, असे नव्हे. लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. तेथवरचा प्रवास, नातेवाइकांचे राहणेजेवणे, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेल्या भावंडांची आबाळ आणि पुढे वर्षानुवर्षे करावयाच्या फेरतपासण्या यांचा हिशेब कोणत्याही बिलात दिसत नाही. अर्थशास्त्र ज्याला संधी-खर्च म्हणते तो हाच. आणि तो बहुधा आईच्या वाट्याला येतो. रोजंदारी सुटते ती प्रथम तिची.

या अदृश्य किमतीचा सर्वांत कठोर परिणाम कोणावर होतो? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेली पाहणी या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या मुलग्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांवर ती झाली. मुलींच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. आजार तोच, सल्लाही तोच. फरक पडला तो घराच्या निर्णयात. जेथे खर्च करण्याची ताकद मर्यादित असते, तेथे कोणासाठी खर्च करावयाचा याची निवड होते. आणि छातीवरच्या व्रणामुळे लग्न अडेल, ही धास्ती मुलीच्याच आईबापांना असते.

असा विलंब निरुपद्रवी नसतो. हृदयाच्या पडद्यातील लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. मोठ्या छिद्रातून मात्र फुप्फुसांकडे अतिरिक्त रक्त जात राहते आणि काही वर्षांत तेथील रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात. मग शस्त्रक्रियेचाही उपयोग उरत नाही. दूध पिताना दमणारे, घामाघूम होणारे, वजन न वाढणारे बाळ म्हणूनच ‘जात्याच अशक्त’ समजून घरी ठेवणे धोक्याचे.

उपाय अवाक्याबाहेरचे नाहीत. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा रोख साहाय्य देण्याचे तत्त्व शासनाने २०१८ पासून स्वीकारले आहे. तेच तत्त्व या मुलांच्या पालकांचा प्रवास व बुडीत मजुरी यांना लावावे. फेरतपासणीची सोय जिल्हा रुग्णालयात व्हावी. सल्ला मिळूनही वर्षभरात शस्त्रक्रिया न झालेल्या मुलामुलींची स्वतंत्र नोंद ठेवून आरोग्यसेविकेने त्यांच्या घरी जावे. शिक्षकांचीही यात भूमिका आहे. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला ‘हृदयाचा रोगी’ म्हणून मैदानाबाहेर बसविण्याऐवजी त्याला कितपत खेळू द्यावे, हे डॉक्टरांकडून लेखी मागवून घ्यावे.

किती शस्त्रक्रिया झाल्या, याचे आकडे शासन अभिमानाने सांगते. सल्ला मिळूनही किती मुली रुग्णालयात परत आल्याच नाहीत, हा आकडाही त्यांच्या शेजारी छापला जावा. योजनेचे खरे यश त्या दुसऱ्या आकड्यावरूनच कळेल.