डॉक्टर अण्णांचे अभिनंदन, पाचशे रुपयांसह

आमच्या गल्लीतले अण्णा परवा डॉक्टर झाले. मला हे कळलं ते फ्लेक्सवरून. आणि फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुकांच्या रांगेत डावीकडून तिसरा मीच आहे, हे कळलं ते दूधवाल्याकडून. फोटो या सदरातूनच उचललेला, म्हणजे बारा वर्षांपूर्वीचा, डोक्यावर केस असलेला. संध्याकाळी पोरं आली आणि म्हणाली, ‘काका, तुमच्या वाट्याचे पाचशे.’ बामणोदच्या वांग्यांवर लिहिलं तेव्हा पिशवीभर वांगी आली होती. शुभेच्छांचा धंदा मात्र उलट्या दिशेने चालतो.

हकीकत अशी. कुठल्याशा शहरातल्या हॉटेलात समारंभ झाला. गाऊन, चौकोनी टोपी, गळ्यात पट्टा, फोटो. पदवी मानद. देणाऱ्या विद्यापीठाचं नाव इतकं लांब की अण्णांनाही ते पाठ नाही. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी काढतो, ती आपण चाळावी असं मनात आलं; पण शेजारधर्म आडवा आला. मानद पदवीवाल्याने नावामागे ‘डॉ.’ लावू नये, असाही एक संकेत आहे. फ्लेक्सवर ‘डॉ.’ अण्णांच्या डोक्याएवढा आणि ‘मानद’ नथीतल्या मोत्याएवढा.

धुळ्याहून मावशी आल्या होत्या. फ्लेक्स वाचून त्यांनी एकच विचारलं, ‘डाक्टर व्हयना ना, मंग यान्हा पेशंट कोठे शेतस?’

पेशंट दुसऱ्याच दिवशी आला. रावेरकडचा एक पाहुणा केळीचं पान घेऊन ओट्यावर बसला. म्हणाला, ‘डॉक्टर, करपा आहे का बघा. काय मारू?’ पदवी समाजसेवेची आहे असं अण्णा सांगत होते. पाहुण्याचं म्हणणं, समाजसेवा म्हणूनच सांगा. शेवटी अण्णांनी पान उलटसुलट केलं, उजेडात धरलं आणि कृषी सेवा केंद्राचा पत्ता दिला. खऱ्या डॉक्टरने तरी वेगळं काय केलं असतं? त्यानेही पुढच्याकडेच धाडलं असतं, वर फी घेऊन.

तसा आपला मुलूख किताबांच्या बाबतीत भाग्यवान. धुळ्यात 1926 साली राजवाडे वारले. पदवी बी. ए., आणि इतिहासाचार्य म्हणताना कोणी प्रमाणपत्र मागत नाही. त्याआधी 1907 साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेला ठोंबऱ्यांचा त्र्यंबक तिथे कविता म्हणायला उभा राहिला. वय सोळा-सतरा. अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे पेशाने डॉक्टर. तपासायचे ते पेशंट, आणि रमायचे ते वनस्पतींत. बसूंच्या सोबतीने त्यांनी लिहिलेला औषधी वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांनी पोराला ऐकलं आणि ‘बालकवी’ म्हटलं. तेव्हापासून त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नाव आपल्याला फक्त परीक्षेत आठवतं. पुढे 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला, तेव्हा अठ्ठावीसही पुरे झाले नव्हते. भादलीवरून गाडी जाते तेव्हा मी अजूनही पेपर खाली ठेवतो. शेजारच्याला वाटतं, माझं स्टेशन आलं.

आणि असोद्याच्या बहिणाबाई. अक्षर ओळखीचं नाही. ओव्या तोंडी, टिपून घेणारे घरचेच. त्या 1951 साली गेल्या आणि पुस्तक आलं पुढच्या वर्षी. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 मध्ये निघालं, 2018 मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं. आता इथला पोरगा खरोखरची पीएच.डी. करतो, पाच-सहा वर्षं गाईडच्या दारात चपला झिजवतो, आणि शेवटी त्याच्या कागदावर नाव येतं ते सही न करता येणाऱ्या बाईचं. ती पदवी कोणी कोणाला दिली, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

काल अण्णा पेढे घेऊन आले. ‘सदरात लिहा, पण डॉ. लावून.’ मी त्यांना कीर्तिकरांची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अण्णांनी मन लावून ऐकली. मग विचारलं, ‘कार्यक्रम कोणत्या हॉटेलात झाला होता?’